पुढची चाकं, मागची सीट

आक्का-दाजींनी नवी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी आम्ही सगळे ती घेऊन जोतिबाला निघालो. आषाढ होता. केर्लीच्या पुढं रस्ता ओला होता आणि डोंगराचा माथा धुक्यात गेला होता. गाडी जर्मन, पांढरी, आत अजून शोरूमचा वास. दाजी चालवत होते, आण्णा त्यांच्या शेजारी. मागं एका खिडकीला आई, दुसरीला आक्का आणि मधे मी. बसतानाच लक्षात आलं की पाय ठेवायला जागा नाही. सीटच्या पुढं निम्म्या पोटरीपर्यंत येणारा उंचवटा होता, मऊ गालिच्यानं मढवलेला, आणि त्याच्या अल्याड-पल्याड एकेक पाय टाकून बसायचं. म्हणजे माझा एक पाय आईच्या जागेत आणि दुसरा आक्काच्या. दाजी कौतुकानं एकेक गोष्ट दाखवत होते: रंग बदलणारे दिवे, काचेचं छत, बोललेलं ऐकणारा पडदा. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पाव्हणं, ही फुडनं वढती का मागनं ढकलती?"

"ते काय इचारलं न्हाई बघा," दाजी म्हणाले.

उत्तर शेवटच्या चढावर मिळालं. वळणावर वरून एसटी आली, दाजींनी गाडी कडेला थांबवली आणि एसटी निघून गेल्यावर पुन्हा उचलली. तेव्हा पुढून, डाव्या बाजूनं, बारीक चर्र असा आवाज आला. स्टेअरिंग दाजींच्या हातात किंचित तिरकं झालं, समोरच्या पडद्यावर एक पिवळी खूण लुकलुकली आणि गाडी सावरून चढायला लागली. सगळं क्षणभराचं. आईला कळलंही नाही. आण्णा एवढंच म्हणाले, "फुडनं." म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. मग वर पोचलो, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पांढऱ्या बॉनेटवर गुलाल पडला, चांगभलं झालं. ओल्या चढावर पाचजण बसलेल्या गाडीचं चाक जरा फिरावं यात वावगं काही नव्हतं. मला येताना सगळी वाट छळत राहिलं ते वेगळंच.

गाडी पुढून ओढते, तर माझ्या पायांमधे हा उंचवटा कशासाठी?

कारण नंतर समजलं आणि समजल्यावर ते जास्तच टोचलं. याच सांगाड्यावर कंपनी चारही चाकांना ताकद देणारी गाडीसुद्धा बनवते. त्या गाडीत मागच्या चाकांकडं जाणारा लांब शाफ्ट या उंचवट्याखालून जातो. दोन्हींसाठी वेगवेगळे तळ करणं महाग पडतं, म्हणून पत्र्याचा साचा एकच ठेवतात. सायलेन्सरचा पाइप त्यातून जातो, आणि पत्र्याला पडलेल्या त्या घडीमुळं तळ ताठ राहतो, हेही खरं. पण ज्याच्यासाठी एवढा उंच बोगदा काढला तो शाफ्ट आमच्या गाडीत नाहीच. पुढून ओढणाऱ्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सपाट तळ, तो आक्काला मिळालेला नाही. मागून ढकलणाऱ्या गाडीचं सुख म्हणजे मोकळं, हलकं, फक्त वळण्याचं काम करणारं पुढचं चाक, तेही दाजींना मिळालेलं नाही. आणि पैसे मात्र बॉनेटवरच्या चिन्हाचे पुरेपूर मोजलेत.

हा उंचवटा मला लहानपणापासून ओळखीचा आहे. आण्णांच्या एका मित्राची ॲम्बॅसिडर होती, त्यातून आम्ही गगनबावड्याला जायचो. मुलांची जागा ठरलेली, मागं मधे. रेक्झिनची सीट मांडीला चिकटायची, पेट्रोलचा आणि भिजक्या पायपुसण्याचा मिळून एक वास यायचा, आणि चपला काढून मी तळवे उंचवट्यावर ठेवायची. तो कोमट असायचा आणि सतत थरथरायचा. आण्णांनी सांगितलं होतं, त्याच्याखाली दांडा फिरतोय, तो मागची चाकं फिरवतोय. पुढं कॉलेजला वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, जायला लागले तेव्हा जीपमधे गालिचा वगैरे काही नव्हतं, त्यामुळं पायाखाली पत्रा थेट गुणगुणायचा आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलेला असला तर प्रत्येक गिअरला खाडकन आवाज यायचा. शेजारची बाई बाजाराची पिशवी घट्ट धरायची. त्या काळात उंचवटा म्हणजे गाडीचं चालणं पायाला कळायची जागा होती. त्याची अडचण व्हायची, पण त्याचा राग कधी आला नाही, कारण तो काम करत होता.

आमचं मशीन शॉप उद्यमनगरात. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून ओतीव माल येतो आणि आमच्याकडं त्याचं मशिनिंग होतं. डिफरन्शियल केस, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांमधे वाटणाऱ्या गिअरांचं कवच, हे आमचं जुनं काम. वाळूचे कण अजून अंगाला असलेलं, खडबडीत, करड्या रंगाचं कास्टिंग लेथवर चढतं. पहिला कट घेतला की काळी पूड उडते, ती नाकात जाते आणि रात्री रुमालावर दिसते. दुसऱ्या कटाला खालून चकाकता धातू निघतो, कूलंटचा दुधट वास पसरतो. आण्णा बोअरमधे डायल घालून काटा बघत बसायचे आणि तेवढ्या वेळात शॉपमधे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. डिफरन्शियल तसं दोन्ही प्रकारच्या गाड्यांत असतं, पुढून ओढणाऱ्या गाडीत ते गिअरबॉक्सच्याच पोटात बसतं. पण मागून ढकलणाऱ्या गाडीत ताकद लांब शाफ्टमधून मागं जाते आणि तिथं काटकोनात वळते. ते वळण क्राऊन आणि पिनियन घेतात. ही दोन गिअर कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, म्हणून एक खराब झालं तरी दोन्ही जोडीनंच बदलायची. ताकद काटकोनात वळवताना थोडी उष्णता होऊन वाया जातेच. इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, टाकून पुढचीच चाकं फिरवली की हे वळण लागत नाही, शाफ्ट लागत नाही, वजन घटतं, इंधन वाचतं आणि जोडणीसुद्धा झटपट होते. कारखान्याच्या हिशोबानं पुढून ओढणारी गाडी सरसच.

आण्णांना हा हिशोब तोंडपाठ आहे, तरी त्यांचं म्हणणं ठाम: "वळायचं चाक येगळं, ताकदीचं येगळं. एकाच चाकावर दोन्ही लादायचं न्हाई." त्यावर आमच्या शॉपमधले जुने मिस्त्री त्यांना नेहमी एकच विचारायचे, "मालक, बैल कधी गाडीच्या मागं जुंपल्यालं बघितल्यासा का?" आणि दोघंही चहा संपेपर्यंत भांडायचे. दोघांचंही बरोबर होतं, फरक रस्त्याचा होता. सपाट, ओल्या रस्त्यावर मिस्त्री जिंकतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन पुढच्या चाकांवर बसलेलं असतं, साधारण साठ टक्के भार पुढं, त्यामुळं चाक रस्ता घट्ट धरतं आणि गाडी सरळ रेषेत ओढली जाते. चढ लागला की आण्णा जिंकतात. चढावर भार मागं सरकतो, मागं तिघं बसलेली असली तर आणखीच, आणि पुढची चाकं नेमकी गरजेच्या वेळी हलकी होतात. हे बघायला कुठं लांब जावं लागत नाही. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर चढावर बघावा. त्याची पुढची चाकं जमीन सोडतात, सगळा भार मागच्या मोठ्या चाकांवर येतो आणि ड्रायव्हर स्टेअरिंगचा नाद सोडून डाव्या-उजव्या ब्रेकवर ट्रॅक्टर वळवत नेतो. ताकद मागं का द्यायची हे मला पुस्तकात वाचायच्या आधी त्या ट्रॅक्टरनं दाखवलं होतं.

पण आलिशान गाडीचा प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला मोठी गाडी म्हणजे काय हे दसरा चौकात कळतं. सीमोल्लंघनाला राजघराण्याची जुनी मेबॅक येते. आपट्याच्या पानांचा हिरवट वास, पोलीस बँड, माणसांची रेटारेटी, आणि त्या गर्दीला दुभंगत अगदी सावकाश येणारं ते लांबच लांब बॉनेट. पुढचं चाक जवळजवळ गाडीच्या टोकाला आहे. तिथून दारापर्यंत नुसता पत्रा, आणि बसणारी माणसं खूप मागं. ही गाडी १९३०च्या दशकातल्या पद्धतीनं बांधलेली: इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, लांबोडकं, त्याच्यामागं गिअरबॉक्स, त्याच्यामागं शाफ्ट आणि ताकद मागच्या चाकांना. आकार त्या रचनेतून आलेला आहे. पण आमच्या डोळ्यांनी तो आकार थोरवीचा म्हणून साठवून ठेवला. पुढं कुठलीही गाडी बघितली की आम्ही नकळत तेच मोजतो, पुढचं चाक दारापासून किती लांब आहे ते.

मी ते खरोखर मोजून बघितलं. ताराबाई पार्कात आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडं नव्वदच्या दशकातली मर्सिडीज आहे, मर्सिडीजनं पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली त्या काळातली. रंग फिका पडलाय, पण दार अजून बँकेच्या तिजोरीसारखं लागतं. तिच्या पुढच्या चाकाची कमान आणि दाराची फट यांच्यामधे माझी अख्खी वीत बसली, वर दोन बोटं उरली. आक्काच्या गाडीत तिथं चार बोटंच मावली. इंजिन आडवं असलं की चाक मागं, दाराजवळ सरकतं आणि नाक चाकाच्या पुढं लोंबतं. कंपनीचे चित्रकार बॉनेटवर घड्या घालून, दिवे मागं ओढून हे झाकतात, पण वीत खोटं बोलत नाही. डॉक्टरांची गाडी आणखी एका गोष्टीत मला चकित करते. एवढी मोठी असून गल्लीतल्या गल्लीत वळते. पुढच्या चाकांना ताकद द्यायची नसल्यामुळं त्यांच्या सांध्यांवर बंधन कमी, म्हणून ती भरपूर तिरकी होऊ शकतात. महाद्वार रोडच्या आसपास गाडी फिरवणाऱ्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

एवढं असूनही मी आण्णांच्या बाजूला पूर्ण जाऊ शकत नाही, कारण पुढून ओढणाऱ्या गाड्यांनी थोरवी मिळवली आहे आणि ती उसनी नव्हती. अमेरिकेत १९२९ साली कॉर्ड एल-२९ आली. पुढून ओढणारी म्हणून तिच्या पोटाखाली शाफ्ट नव्हता, आणि शाफ्ट नाही म्हणून ती त्या काळच्या गाड्यांपेक्षा कितीतरी बुटकी, जमिनीलगत बसलेली होती. लोक तिच्या देखणेपणावर भाळले. पण तिचं लांब आठ सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्सच्या मागं बसवलेलं, त्यामुळं पुढच्या चाकांवर भार कमी पडायचा आणि ओल्या चढावर ती चाकं फिरायची. जोतिबाचाच चढ, फक्त शंभरेक वर्षं आधीचा! त्याच वर्षी अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि १९३२ला ती गाडी बंद पडली.

मग सित्रोएन डीएस. ही माझी लाडकी, आणि इथं मला थोडं रेंगाळू द्या. १९५५च्या पॅरिस प्रदर्शनात ती आली तेव्हा पहिल्याच दिवशी हजारो लोकांनी नोंदणी केली. पुढून ओढणारी, नाकाला निमुळती, मागं उतरत गेलेली, आणि स्प्रिंगांच्या जागी तेल आणि वायूच्या दाबावर तोललेली. इंजिन चालू केलं की गाडी आधी उठून उभी राहायची. तिचा तळ सपाट होता आणि मागच्या माणसाला पाय पसरता यायचे. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष याच गाडीतून फिरायचा. २२ ऑगस्ट १९६२ला पॅरिसजवळ पेती-क्लामारला द गॉल यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, तरी ड्रायव्हरनं गाडी न उलटवता वेगात बाहेर काढली. पुढची चाकं ओढणारी आणि तळाचा तोल गाडी स्वतः सांभाळणारी, या दोन्हींचा त्यात वाटा होता. डीएसच्या मालकाला कुणी ही राजेशाही नाही असं म्हटलं नसतं. तिच्यात पुढून ओढण्याचा निर्णय काटकसरीतून आलेला नव्हता. त्यांना तळ सपाट हवा होता, गाडी खराब रस्त्यावर सरळ राहायला हवी होती, म्हणून त्यांनी तो घेतला आणि त्याच्याभोवती बाकी सगळी गाडी रचली.

अमेरिकन लोकांनी तर कमालच केली. १९६६ची ओल्ड्समोबिल टोरोनॅडो सात लिटरच्या व्ही-८ इंजिनची ताकद पुढच्या चाकांना द्यायची, आणि पुढच्याच वर्षी कॅडिलॅकनं तोच मार्ग एल्डोराडोत घेतला. १९७०ला एल्डोराडोचं इंजिन ८.२ लिटरचं झालं. एवढं इंजिन पुढच्या चाकांवर! तरी त्यात तीन माणसं शेजारी शेजारी, पाय सरळ ठेवून बसायची. त्याच कॅडिलॅकनं १९८०च्या दशकात सिमारॉन नावाची छोटी गाडी काढली. ती मुळात शेव्हरलेची स्वस्त कॅव्हेलियर होती, वर कातडी सीट आणि कॅडिलॅकचं चिन्ह. १९८८ला ती बंद झाली, पण कॅडिलॅकच्या नावाला लागलेला डाग लवकर गेला नाही. पुढं या कंपनीला आपली पत परत मिळवायची होती तेव्हा तिनं २००२ला सीटीएस आणली, मागून ढकलणारी. लोक म्हणतात कॅडिलॅक पुढच्या चाकांमुळं बुडाली. मला ते पटत नाही. एल्डोराडो आणि सिमारॉन दोन्ही पुढूनच ओढायच्या. फरक असा की एकीत वाचलेली जागा बसणाऱ्याला दिली होती आणि दुसरीत वाचलेला पैसा कंपनीनं ठेवून घेतला होता.

जर्मनांमधे ऑडी १९६५ला नव्यानं सुरू झाली तेव्हापासून पुढून ओढत आली. इंजिन उभंच, पण पुढच्या आसाच्याही पुढं टांगलेलं. त्यामुळं नाक जड. १९८०ला त्यांनी क्वाट्रो आणून चारही चाकांना ताकद दिली आणि त्या एका गोष्टीवर स्वतःचं नाव मोठं केलं. तरी भारतात ए-४ आणि ए-६ विकल्या गेल्या त्यातल्या कितीतरी साध्या, पुढून ओढणाऱ्याच. मर्सिडीजनं १९९७च्या ए-क्लासमधे पुढच्या चाकांना ताकद दिली. बीएमडब्ल्यूनं सगळ्यात उशिरा, २०१४ला, टू सीरीज ॲक्टिव्ह टूररमधे. मग एक्स-वनची दुसरी पिढी, मग वन सीरीज. याच्या आधी, २०१०मधे, बीएमडब्ल्यूच्या प्रमुखांनी एक गोष्ट उघड सांगितली होती: त्यांच्या पाहणीत वन सीरीजच्या ८० टक्के मालकांना आपली गाडी पुढून ओढते असं वाटत होतं. प्रत्यक्षात ती मागून ढकलायची! एवढं कळल्यावर कुठल्या हिशोबनिसानं मागचा शाफ्ट ठेवला असता? दाजी एकटे नाहीत. त्यांच्यासारखीच मोठमोठ्या शहरांतली शिकलीसवरली माणसं आहेत, आणि त्यांच्या न विचारण्यावर कंपन्यांचे निर्णय उभे राहिले आहेत.

मला याचं वाईट वाटतं, आणि का वाटतं हे सांगायला मला गाडी चालवण्याकडंच वळावं लागेल. माझ्या भावाकडं पुण्याहून आणलेली एक जुनी, मागून ढकलणारी सेदान आहे. पावसाळा ओसरला की आम्ही ती घेऊन कळे, साळवण करत गगनबावड्याला जातो आणि घाट उतरून पुन्हा चढतो. वळण संपता संपता पाय थोडा दाबला की गाडीचा मागचा भाग खाली बसतो, पाठीला सीट किंचित जास्त लागते आणि स्टेअरिंगमधे मात्र काहीच होत नाही. ते शांत राहतं, फक्त रस्त्याचे बारीक खडे सांगतं. आक्काच्या गाडीत त्याच वळणावर तसाच पाय दाबला तर स्टेअरिंग हातात जिवंत होतं, थोडं एका बाजूला ओढतं, थोडं जड होतं, कारण तीच चाकं वळतायत आणि तीच ओढतायत. इंजिन आडवं, गिअरबॉक्स एका टोकाला, त्यामुळं बऱ्याच गाड्यांत दोन्ही चाकांकडं जाणारे एक्सल सारख्या लांबीचे नसतात, आणि जोर आला की गाडी एका बाजूला ओढली जाते. आजकाल कॉम्प्युटर हे पुष्कळ सावरतो. तरी हाताला कळतं. महाग गाडीनं मला द्यावी अशी माझी अपेक्षा काय, तर हीच शांतता. आवाजाची शांतता सगळेच देतात, काचा जाड केल्या की झालं. हातातली शांतता द्यायला गाडीची मूळ रचनाच तशी करावी लागते आणि ती कुणाला दिसत नाही.

पण त्याच रस्त्यावर जुलैमधे, साळवणच्या पुढं रस्त्यावरून पाणी वाहत असताना, मी भावाच्या गाडीत अवघडून बसते. मागचं अंग एखाद्या वेळी हलकेच डोलतं आणि पोटात गोळा येतो. आक्काच्या गाडीत तशा पावसात मी निर्धास्त असते. ती नाकासमोर ओढत जाते. आक्का रोज शिकवायला इचलकरंजीला जाते, एकटी, आणि पावसाळ्यात अंधार लवकर पडतो. तिला मागून ढकलणारी गाडी घे असं मी कुठल्या तोंडानं सांगू? तिला घाटातल्या वळणाशी काही देणंघेणं नाही. तिला सुखरूप घरी यायचंय, आणि पुढून ओढणारी गाडी तिला ते देते. हे सुख कमी दर्जाचं आहे असं मानणं मला जमत नाही.

म्हणून माझा आक्षेप पुढच्या चाकांवर नाहीच.

लेक्सस ईएस १९८९पासून पुढूनच ओढते. भारतात ती २०१७ला आली आणि २०२०पासून बंगळुरूजवळ बिडदीला जोडली जाते. मागच्या सीटवर माणूस ऐसपैस बसतो, गाडी हायब्रिड असल्यामुळं कधी चालू झाली ते कळत नाही, आणि ती कुणाला शर्यतीचं आमिष दाखवत नाही. ती कशासाठी बनवली आहे हे तिला ठाऊक आहे. स्कोडा सुपर्ब तर आलिशान कंपनीची म्हणून कुणी गणत नाही, पण कोल्हापुरातल्या डॉक्टर-वकिलांनी ती का घेतली ते मागं बसून बघितलं की समजतं, गुडघ्यांपुढं इतकी जागा की पाय लांब सोडून पेपर वाचावा. पुढून ओढून वाचवलेली जागा तिथं खरोखर मागं पोचली आहे. बीएमडब्ल्यूनं २०२५च्या सुरुवातीला भारतात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली विजेवरची आयएक्स-वन आणली, तीही पुढून ओढणारी, आणि तिची सगळी जाहिरात मागच्या जागेवर. बीएमडब्ल्यूसारखी कंपनी चालवणाऱ्याला सोडून बसणाऱ्याबद्दल बोलायला लागली, हे मला या चर्चेतलं सगळ्यात मोठं वळण वाटतं. आपल्याकडं अशा कितीतरी गाड्यांत मालक मागंच बसतो. त्याला पुढच्या चाकाचं सोयर नसतं, सुतकही नसतं. त्याला पाय ठेवायला जागा हवी असते.

विजेच्या गाड्यांनी तर सगळा पट उधळलाय. मोटर हवी तिथं बसते, पुढं नाहीतर मागं, लांब शाफ्ट कुठंच लागत नाही. व्होल्व्होनं २०२३ला आपल्या एक्ससी-४० रिचार्जची एकेरी मोटर पुढून काढून मागं नेली. पंचवीस वर्षांत मागून ढकलणारी व्होल्व्हो नव्हती, ती परत आली आणि त्यावर फारसं कुणी भांडलंही नाही. तळ सपाट झालाय, उंचवटा गेलाय. पण बॅटरी तळाखाली असल्यामुळं तळच वर आलाय, आणि मागं बसलं की गुडघे छातीकडं येतात. आईनं एका गाडीत बसून बघितलं आणि लगेच म्हणाली, "पाटावर बसल्यागत वाटतंय." म्हणजे मागच्या माणसाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, फक्त जागा बदलून बसलाय.

परवा दाजींनी मला सरळ विचारलं, "मग फसलो म्हणायचं का आम्ही?" मी नाही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. दारं घट्ट लागतात, ब्रेक चोख आहेत, आक्का पावसात घाबरत नाही, यातलं काहीच खोटं नाही. पण एवढ्या पैशांत कंपनीनं तुम्हाला दुसऱ्याच गाडीचा तळ दिलाय, हेही मी सांगितलं. त्यांना राग आला नाही. ते खाली वाकून, मोबाईलचा दिवा लावून मागच्या बाजूला बराच वेळ बघत राहिले. आता भावाला विजेची गाडी घ्यायची आहे, पुढं मोटर असलेली, आणि आण्णा अडून बसलेत. शंभर प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी शेवटी एक अट घातली, की आधी रॅम्पवर चढवून खालून दाखवा, मग बोलू. शोरूमवाला तयार झालाय. गुरुवारी जायचंय, आणि आईसुद्धा येणार आहे, मागं मधे बसून बघायला.